नत्राच्या हिशेबातून सुटलेली माती

नत्रयुक्त, म्हणजे नायट्रोजन देणाऱ्या, खतांनी जमिनीचे नुकसान होते की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पिकाच्या उताऱ्यात, म्हणजे एकरी उत्पादनात, शोधले जाते. उतारा टिकून असेल तर जमीन चांगली, घटला तर जमीन बिघडली, असा हा सरळ हिशेब असतो आणि तो सरळ असल्यामुळेच फसवा ठरतो. खताची मात्रा वाढवून, नवे वाण आणून आणि पाणी वेळेवर देऊन उतारा कित्येक वर्षे टिकवता येतो; त्याच काळात जमिनीचा सामू (पीएच; हा आकडा उतरला की आम्लता वाढते) मात्र उतरत राहतो, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या अवशेषांतून मातीत आलेला कार्बन) कमी होत जातो आणि मुळांच्या थरातले कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्याबरोबर खाली निघून जातात. जमीन खालावल्याची बातमी उतारा सर्वांत शेवटी देतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की नत्राचे धोरण उताऱ्याच्या आकड्यावर चालवणे थांबवले पाहिजे आणि खताच्या प्रत्येक गोणीबरोबर जमिनीवर जे देणे चढते ते मोजण्याची व फेडण्याची जबाबदारी, खताचा प्रसार करणाऱ्या आणि त्याला अनुदान देणाऱ्या यंत्रणांवर स्पष्टपणे टाकली पाहिजे.

हे लिहिताना नत्राचे ऋण मी विसरत नाही. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याची रीत प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे अमोनियाचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. आज जगात दरवर्षी १० कोटी टनांहून अधिक नत्र खतांच्या रूपाने शेतात जाते आणि जवळजवळ निम्म्या मानवजातीचे अन्न या नत्रावर अवलंबून आहे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आधार एका फटक्यात काढून घेतला तर काय होते, हे श्रीलंकेत दिसले. तेथे २०२१ च्या वसंतात रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घालण्यात आली, भाताचे आणि चहाचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली. नत्र विष आहे असे मानून त्याला शेतातून हद्दपार करण्याची भाषा जे करतात, त्यांनी या अनुभवाला उत्तर दिले पाहिजे. पण म्हणून नत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. ज्या वस्तूवाचून चालत नाही, तिचा हिशेब तर अधिकच काटेकोर ठेवावा लागतो.

या हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम आम्लतेची आहे. युरिया जमिनीत पडला की प्रथम त्याचे अमोनियम होते आणि काही दिवस त्या जागेचा सामू उलट वाढतो. त्यानंतर जमिनीतील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट (दोन्ही नत्राचीच रूपे) करतात आणि या क्रियेत आम्ल सुटते. पिकाच्या मुळांनी ते नायट्रेट उचलले तर मुळे त्या बदल्यात जमिनीत अल्कली, म्हणजे आम्ल शमवणारा पदार्थ, सोडतात आणि बरीचशी भरपाई होते. परंतु पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाच्या किंवा सिंचनाच्या पाण्याबरोबर खाली झिरपले, तर ते एकटे जात नाही. ते ऋणभारित असल्यामुळे आपल्या जोडीला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम घेऊन जाते आणि मागे राहते ते आम्ल. म्हणजे आम्लता वाढवण्याचा दोष मुख्यतः पिकाला न मिळालेल्या, वाया गेलेल्या नत्राकडे जातो. युरियातून दिलेला एक किलो नत्र पूर्णपणे नायट्रेट होऊन झिरपून गेला, तर त्याने सोडलेले आम्ल शमवण्यास रसायनशास्त्राच्या गणिताप्रमाणे सुमारे साडेतीन किलो शुद्ध चुनखडी लागते. अमोनियम सल्फेटच्या बाबतीत हाच आकडा सात किलोंच्या थोडा वर जातो. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात सगळा नत्र झिरपत नाही. तरीही जगभरात पिकांना दिलेल्या नत्रापैकी ढोबळमानाने निम्माच काढणीच्या मालातून परत मिळतो, हे लक्षात घेतले तर हे देणे वर्षागणिक किती चढत असेल याची कल्पना येते. त्यात काढणीबरोबर शेताबाहेर जाणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) मिळवावे लागतात, कारण भरघोस पीक हेही जमिनीतून अल्कली उचलून नेणारेच असते. जितके पीक चांगले तितका हा उपसा मोठा, आणि नत्राने पीक चांगले येते.

मग हे इतकी वर्षे दिसत का नाही? कारण जमीन सोसते. ज्या जमिनीत चुनखडीचे कण असतात, तेथे सुटलेले आम्ल ती चुनखडी विरघळवण्यात खर्ची पडते आणि सामू जागचा हलत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर दहा वर्षांपूर्वी जो आकडा होता तोच आजही दिसतो आणि सारे काही ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात शिल्लक खर्च होत असते. ती संपली की मातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ काही काळ आम्ल धरून ठेवतात, आणि त्यांचीही ताकद सरली म्हणजे सामू थोड्याच वर्षांत झपाट्याने उतरतो. सामूचे मोजमाप दहाच्या पटीत चालते, म्हणून ६.५ वरून ५.५ वर येणे म्हणजे आम्लता दहापट होणे होय. साधारण ५.५ च्या खाली गेल्यावर मातीच्या खनिजांत बांधलेले अ‍ॅल्युमिनियम सुटे होऊन पाण्यात येऊ लागते, आणि तेथून खरे नुकसान सुरू होते.

अ‍ॅल्युमिनियमने काय होते ते पाहायचे असेल तर रोप मुळासकट उपटून, मुळे पाण्यात हलक्या हाताने धुऊन पाहावीत. निरोगी मुळाची टोके पांढरी, लांब आणि केसासारख्या बारीक फांद्यांनी भरलेली असतात. आम्ल जमिनीतील मुळे आखूड, जाडसर आणि तपकिरी असतात, टोके बोथट झालेली असतात आणि बारीक फांद्या जवळजवळ नसतात. असे मूळ खोल जात नाही. वरच्या चार बोटे मातीत ओल असेपर्यंत पीक तरारलेले दिसते आणि पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की माना टाकते. शेतकरी त्याला दुष्काळाची झळ म्हणतो, सल्लागार आणखी एक हप्ता युरियाचा देण्यास सांगतो, आणि ज्या कारणाने मूळ खुजे झाले तेच कारण आणखी वाढते. त्याच जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधला जाऊन पिकाला मिळेनासा होतो, त्यामुळे स्फुरदाची मात्राही वाढवावी लागते. एका देण्यापोटी दुसरे देणे चढते ते असे.

या साऱ्याचा सर्वांत जुना साक्षीदार इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात आहे. तेथील पार्क ग्रास हा गवताचा प्रयोग १८५६ पासून आजतागायत चालू आहे. ज्या तुकड्यांना दरवर्षी अमोनियम सल्फेट दिले गेले आणि चुना मात्र कधीच दिला गेला नाही, तेथील सामू ३.५ च्या आसपास उतरला. कुरणात मुळात असलेल्या वनस्पतींच्या डझनावारी जातींपैकी तेथे दोन-तीनच उरल्या, द्विदल (शेंगवर्गीय) वनस्पती नाहीशा झाल्या आणि गांडुळे गेली. मेलेले गवत कुजवणारे कोणी न राहिल्याने जमिनीवर न कुजलेल्या काडीचा जाड थर साचला. वर्षानुवर्षे गवत वाढते, मरते आणि तसेच पडून राहते. मातीत मिसळत नाही. जमिनीचे आरोग्य बिघडणे म्हणजे काय, याचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही. परंतु त्याच कुरणात ज्या तुकड्यांना नत्र सोडियम नायट्रेटच्या रूपात मिळाले, तेथे ही अवस्था झाली नाही आणि सामू टिकून राहिला. चुना दिलेल्या तुकड्यांवरही तो न कुजलेला थर राहिला नाही. नत्र दोन्हीकडे होता. फरक होता तो नत्र कोणत्या रूपात आला आणि त्याच्या आम्लाची भरपाई झाली की नाही, याचा. नत्राला सरसकट दोषी किंवा सरसकट निर्दोष ठरवणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे शेजारशेजारचे तुकडे नीट पाहिले पाहिजेत. कायम गवताखालची, कधीही न नांगरलेली जमीन ही टोकाची परिस्थिती आहे, हे मान्य. नांगरटीच्या शेतात असा थर साचत नाही. पण जी क्रिया तेथे उघड्यावर दिसली तीच नांगरलेल्या शेतात मातीच्या पोटात चालते.

ती किती वेगाने चालू शकते, हे चीनने दाखवून दिले. १९८० च्या दशकातील मातीच्या नोंदी आणि २००० नंतरच्या दशकातील नोंदी यांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा देशातील जवळपास सर्वच प्रमुख प्रकारच्या शेतजमिनींचा सामू या अवघ्या दोन-अडीच दशकांत लक्षणीयरीत्या उतरल्याचे आढळले. कारखान्यांच्या धुरामुळे पडणारा आम्लयुक्त पाऊस हे कारण सर्वांना सुचले होते. हिशेब मांडल्यावर असे निघाले की त्या पावसातून येणारे आम्ल, नत्राच्या अतिवापरातून सुटणाऱ्या आम्लापुढे अगदीच किरकोळ होते. नैसर्गिकरीत्या ज्या बदलाला शतके लागतात तो तेथे एका पिढीच्या आत घडला, आणि त्याच पिढीत धान्याचे उत्पादन वाढत होते. उताऱ्याचा आकडा त्या काळात धोक्याची कोणतीही सूचना देत नव्हता.

येथे एक आक्षेप नेहमी येतो की आम्लतेवर उपाय सोपा आहे, चुना टाकला की झाले. वरच्या थरापुरते हे खरे आहे. चुनखडीची भुकटी पसरून मातीत मिसळली तर नांगराच्या तासापर्यंतची जमीन काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत सुधारते. परंतु चुना फारसा विरघळत नाही, त्यामुळे तो खाली सरकत नाही. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर सहज खाली जाते आणि जाताना खालच्या थरातूनही अल्कली ओढून नेते. अशा रीतीने दीड-दोन फूट खोलीवरचा थर आम्ल झाला की त्याला दुरुस्त करण्याचा स्वस्त आणि सोपा मार्ग उरत नाही. वरून दिलेल्या चुन्याचा परिणाम तेथवर पोहोचण्यास वर्षामागून वर्षे जातात, तीही वरच्या थराचा सामू सतत चांगला राखला तरच. आणि खोल नांगरटीने चुना खाली घालायचा तर वरची चांगली माती उलटीपालटी होते. जिप्समने (कॅल्शियम सल्फेट या खनिजाने) खालच्या अ‍ॅल्युमिनियमचा त्रास काहीसा कमी होतो, पण सामू वाढत नाही. म्हणूनच वेळ महत्त्वाचा आहे. सामू उतरण्याआधी, जमीन अजून चांगली असतानाच दिलेला थोडा चुना जे काम करतो, ते काम बिघडल्यानंतर दिलेला ढीगभर चुना करू शकत नाही. आणि नेमक्या याच काळात, जमीन चांगली दिसत असताना, चुन्याची गरज कोणाला पटत नाही.

सेंद्रिय कर्बाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झालेली आहे. रासायनिक नत्राने जमिनीतला कर्ब जळून जातो, असे एक बाजू म्हणते. नत्राने पीक वाढते, मुळे आणि धसकटे वाढतात, म्हणून कर्बही वाढतो, असे दुसरी बाजू म्हणते. अमेरिकेतील इलिनॉय येथील १८७६ पासून चालू असलेल्या मॉरो प्रयोगाच्या नोंदींवरून २००७ मध्ये असा निष्कर्ष मांडला गेला की अनेक दशके रासायनिक नत्र देऊन आणि भरपूर अवशेष जमिनीत गाडूनही कर्ब घटला. त्यावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की नत्र न दिलेल्या तुकड्यांशी तुलना केली तर नत्र दिलेल्या जमिनीत कर्ब सहसा अधिकच आढळतो. जगातील दीर्घकालीन प्रयोग एकत्र ठेवून पाहिले की बहुतांश ठिकाणी चित्र असे दिसते: नांगरटीखालच्या जमिनीत कर्ब घटतच असतो आणि नत्र खत ती घट मंदावते, पण थांबवत नाही. दोन्ही पक्षांचे आकडे खरे असू शकतात, कारण एक कालच्या मातीशी तुलना करतो आणि दुसरा शेजारच्या मातीशी. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर मला पहिली तुलना अधिक महत्त्वाची वाटते. आपली जमीन शेजारच्या उपाशी जमिनीहून बरी आहे, यात समाधान कसले? ती दरवर्षी खालावत आहे की नाही, हे त्याला कळले पाहिजे.

रॉदमस्टेडच्याच ब्रॉडबाक शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो. तेथे एका तुकड्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळत आले आहे आणि इतरांना निरनिराळ्या मात्रेत रासायनिक खते. दीर्घकाळपर्यंत शेणखताच्या तुकड्याचा उतारा आणि योग्य मात्रेत नत्र, स्फुरद व पालाश मिळालेल्या तुकड्याचा उतारा जवळपास सारखाच राहिला. मातीत मात्र शेणखताच्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक झाला आणि रासायनिक खताच्या तुकड्यात तो काहीही न दिलेल्या तुकड्यापेक्षा किंचितच वर राहिला. म्हणजे एकाच उताऱ्याखाली दोन पूर्णपणे वेगळ्या जमिनी उभ्या होत्या. येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण नत्राचे समर्थक या शेताचा दाखला देताना ती बहुधा वगळतात. त्या शेतात प्रयोगाच्या आधीच्या काळात शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर खडू, म्हणजे मऊ चुनखडी, पसरलेली होती आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथे गरजेप्रमाणे पुन्हा चुनखडी देण्यात आली. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ रासायनिक नत्र घेऊनही ती जमीन पिकते, हे खरेच आहे; पण तिचे आम्लाचे देणे कोणीतरी आधीच भरून ठेवले होते.

कर्बातला हा फरक हातात घेऊन पाहता येतो. बांधावरच्या, वर्षानुवर्षे गवताखाली राहिलेल्या जागेतले सुपारीएवढे कोरडे ढेकूळ आणि त्याच शेताच्या मधोमध घेतलेले तेवढेच ढेकूळ, काचेच्या दोन पेल्यांत स्वच्छ पाण्यात अलगद सोडावे. बांधावरचे ढेकूळ बुडबुडे सोडत बसते आणि पाणी बराच वेळ नितळ राहते. शेतातले ढेकूळ पाहता पाहता पाघळते, कडा ढासळतात आणि तळाशी गाळाचा थर बसून पाणी गढूळ होते. पहिल्या पावसात शेतात हेच घडते: कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, वर पापडी धरते, पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. प्रामाणिकपणे सांगायचे तर हा फरक एकट्या नत्राने घडवलेला नाही. नांगरट आणि अवशेष उचलून नेणे यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण नत्राच्या गोणीने ही गळती झाकून ठेवली. पूर्वी जमिनीचा कस राखण्यासाठी शेणखत घालावे लागे, पिकांची फेरपालट करावी लागे, द्विदल पिकाचा बेवड (त्या पिकाने पुढच्या पिकासाठी मागे ठेवलेला कस) सांभाळावा लागे, कारण नत्र मिळवण्याचा दुसरा मार्गच नव्हता. त्या कष्टाबरोबर कर्ब आपोआप जमिनीत येत होता. नत्र गोणीतून मिळू लागला तेव्हा ते कष्ट अनावश्यक ठरले आणि त्यांच्याबरोबर येणारा कर्बही थांबला. नत्राचा जमिनीवरील सर्वांत खोल परिणाम मला हा वाटतो, आणि तो कोणत्याही रासायनिक समीकरणात सापडत नाही.

कर्ब वाढवायचा तरी नत्र लागतोच, हेही येथेच सांगितले पाहिजे. मातीत स्थिरावलेल्या सेंद्रिय पदार्थात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण १० ते १२ भागांस एक असे असते. म्हणजे जमिनीत एक टन कर्ब साठवायचा तर त्याबरोबर ८० ते १०० किलो नत्र त्याच साठ्यात बांधला जावा लागतो. तो शेणखतातून येवो, हिरवळीच्या खतातून येवो की गोणीतून, पण नत्रावाचून नुसत्या काडीकचऱ्याने कर्ब टिकत नाही. कर्बासाठी नत्र हवा आणि नत्र जमिनीत थांबण्यासाठी कर्ब हवा, असे हे परस्परावलंबन असताना त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्या चर्चेतून शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही.

मातीतल्या सजीवांविषयी अनेकदा असे सांगितले जाते की रासायनिक खतांनी जिवाणू मरतात. दीर्घकालीन प्रयोगांतील पुरावा याला सरसकट दुजोरा देत नाही. अशा ६४ प्रयोगांच्या २०१४ मधील आढाव्यात, खत न दिलेल्या जमिनीच्या तुलनेत रासायनिक खत दिलेल्या शेतजमिनीत सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान सरासरी १५ टक्क्यांनी अधिक आढळले. मात्र जेथे सामू ५ च्या खाली गेला होता तेथे ते घटलेले होते. पुन्हा तोच धागा हाती येतो. संख्येपेक्षा स्वभावातला बदल मला अधिक चिंताजनक वाटतो. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र वनस्पतीला देतात आणि बदल्यात साखर घेतात. मिशिगनमधील एका संशोधन केंद्रात २२ वर्षे नत्र दिलेल्या आणि न दिलेल्या जमिनींतून हे जिवाणू घेऊन क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या रोपांना लावण्यात आले, तेव्हा नत्र मिळत आलेल्या जमिनीतल्या जिवाणूंनी रोपांना कमी साथ दिली. त्या रोपांची वाढ १७ ते ३० टक्क्यांनी कमी भरली. वनस्पतीला गोणीतून नत्र मिळू लागल्यावर चांगल्या जोडीदाराची निवड करण्याची तिची गरज कमी झाली आणि देणारे जिवाणू मागे पडले. हा फरक कोणत्याही माती परीक्षणात दिसत नाही. उद्या त्या शेतात नत्राची मात्रा कमी करायची ठरवली तर जमीन लगेच पूर्वीसारखी साथ देईलच असे नाही, एवढे त्यावरून समजते.

खत दिले, पीक उगवले, हंगाम संपला आणि हिशेबही मिटला, हा समजही सोडावा लागेल. फ्रान्समध्ये १९८२ साली खुणेचा, म्हणजे वजनाने वेगळा ओळखू येणारा नत्र शेतात देऊन त्याचा तीस वर्षे माग काढण्यात आला. त्यातला ६१ ते ६५ टक्के नत्र पिकांनी उचलला. परंतु तीन दशकांनंतरही १२ ते १५ टक्के नत्र मातीच्या सेंद्रिय पदार्थात बसलेला होता आणि ८ ते १२ टक्के एव्हाना भूजलाकडे झिरपून गेला होता, तोही दर वर्षी थोडाथोडा. एका हंगामातला नत्र पुढच्या पिढीच्या विहिरीत उतरतो. म्हणून आज मात्रा कमी केली तरी पाण्यातले नायट्रेट उद्या कमी होत नाही, आणि उपाय निष्फळ ठरला असे लवकर ठरवणेही चूक आहे.

नत्र एकटाच देत राहिल्याने इतर अन्नद्रव्यांचा जो उपसा होतो त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे एकच दाखला देतो. भारतात १९७० च्या सुमारास सुरू झालेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांत, मुळातच आम्लधर्मी असलेल्या, हिमाचल प्रदेशातील पालमपूरसारख्या ठिकाणच्या जमिनीवर ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे फक्त नत्र मिळाला तेथील पीक अखेर पूर्णपणे बसले, आणि त्याच मात्रेचा नत्र स्फुरद, पालाश व चुना किंवा शेणखत यांच्या जोडीने मिळालेल्या तुकड्यांनी उत्पादन टिकवले. स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त यांचा साठा जमिनीत किती होता, एवढाच प्रश्न नत्राने एकट्याने पुढे ढकलला होता.

आता धोरणाकडे वळतो, कारण हा दोष शेतकऱ्यावर टाकून मोकळे होणे अन्यायाचे आहे. अनेक देशांत सरकारांनी नत्र स्वस्त ठेवला, इतर अन्नद्रव्ये तुलनेने महाग राहू दिली आणि चुन्याकडे तर खत म्हणून पाहिलेच नाही. नत्राचा परिणाम आठवड्यात हिरव्यागार पानांवर दिसतो, चुन्याचा परिणाम दिसायला हंगाम जातात. अशा स्थितीत हातात थोडेच पैसे असलेला माणूस काय विकत घेईल, हे वेगळे सांगायला नको. त्यात जमीन खंडाने कसणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. पुढच्या वर्षी ती जमीन आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने पाच-सात वर्षे उपयोगी पडणारा चुना किंवा शेणखत का घालावे? आणि मालक म्हणतो की पीक दुसरा घेतो, खर्च मी का करू. जमिनीचे देणे या दोघांच्या मध्ये पडून राहते. खंडाच्या करारात सुरुवातीचा आणि शेवटचा सामू व कर्ब नोंदवून फरकाची भरपाई ठरवणे, हे कायद्याने सहज करता येण्याजोगे आहे, आणि ते झाले नाही याचे मला नवल वाटते.

नत्र आवरता येतो, याची उदाहरणे आहेत. डेन्मार्कने १९८७ पासून टप्प्याटप्प्याने आराखडे आखून शेतातला शिल्लक नत्र जवळपास निम्म्यावर आणला. त्यासाठी शेतवार नत्राची मर्यादा ठरवली आणि मुख्य पिकानंतर उरलेला नत्र उचलणारी पिके घेणे भाग पाडले. चीनने २०१५ मध्ये रासायनिक खतांचा वापर २०२० पर्यंत वाढू न देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि वापर त्यानंतर खरोखरच उतरला, तरी धान्याचे उत्पादन कोसळले नाही. हे दोन्ही प्रयत्न मुख्यतः पाणी आणि खर्च यांच्या काळजीतून आले, मातीच्या नव्हे. मर्यादा घालून पुढे चढणारे देणे कमी झाले. आधी चढलेले देणे, म्हणजे उतरलेला सामू आणि घटलेला कर्ब, तेवढ्याने फिटत नाही. त्यासाठी नत्रावर होणाऱ्या खर्चाचा ठरावीक हिस्सा चुना आणि सेंद्रिय खतांकडे वळवावा लागेल, आणि तो आम्लतेकडे झुकणाऱ्या जमिनींपासून सुरू करावा लागेल. नत्र विभागून, पिकाच्या भुकेच्या वेळी, मातीच्या आत देणे हे सर्वांना माहीत असलेले उपाय आम्लतेवरचेही उपाय आहेत, कारण वाया न गेलेला नत्र खूपच कमी आम्ल मागे ठेवतो. सल्ला देणाऱ्यांनी ते केवळ खत वाचवण्याचे उपाय म्हणून सांगू नयेत.

आणि मोजणी बदलावी लागेल. आज मातीचा नमुना बहुधा वरच्या वीतभर थरातून घेतला जातो, त्यातून नत्र-स्फुरद-पालाशाची शिफारस निघते आणि कागद बाजूला पडतो. त्याच खड्ड्यातून दीड फुटाखालचा दुसरा नमुना घेण्यास आणखी अर्ध्या तासाचे कष्ट लागतात. दोन्ही थरांचा सामू, जमिनीत चुनखडी शिल्लक आहे की नाही याची साधी चाचणी आणि सेंद्रिय कर्ब, एवढ्या नोंदी त्याच शेतातून, त्याच जागेवरून, दर चार-पाच वर्षांनी घेऊन आधीच्या नोंदीशेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि खताची शिफारस त्या दोन ओळींतल्या फरकावरून झाली पाहिजे. वरचा सामू ठीक आणि खालचा उतरत असलेला दिसला, तर त्या शेतात नत्राची मात्रा वाढवण्याची शिफारस कोणत्याही अधिकाऱ्याला चुन्याची मात्रा शेजारी लिहिल्याशिवाय करता येऊ नये.